बुवांचे ऊन

सरड्यावर मराठी भाषेने फारशी मेहेरबानी केलेली नाही. मते बदलणाऱ्याला आपण त्याची उपमा देतो आणि कुणाची धाव मोजायची झाली तर ह्या बिचाऱ्याला कुंपणापर्यंत पळवतो. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात आम्ही सिडनीला भाच्याकडे गेलो आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत हातभर लांबीचा सरडा दिसला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पहिले दोन दिवस पाय कोचावर घेऊनच काढले.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या रखरखीत मुलखातला हा दाढीवाला सरडा. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो. एरवी डोळे अर्धवट मिटून दगडावर समाधी लावतो. घरात त्याला ‘बुवा’ म्हणतात. भाच्याच्या आठ वर्षांच्या मुलीचा तो जीव की प्राण. तिथे तो पाळायला सरकारी परवाना लागतो. रानातून धरून आणता येत नाही.

चार किडे आणि थोडा पाला टाकला की सरडा पाळला, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पाळावे लागते ते वाळवंट. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ४० अंशांची धग, दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास गारवा. ह्या प्राण्याला अंगात ऊब तयार करता येत नाही. उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात सरकत तो ती जमवतो. रात्री दिवे बंद, कारण वाळवंटही रात्री निवते. शिवाय अतिनील किरणांचा दिवा वेगळाच. ते किरण नसले तर शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसले तर खाल्लेले कॅल्शियम हाडांना लागत नाही. पेटी खिडकीशी ठेवूनही भागत नाही. ऊन आत येते, पण नेमके हे किरण काच अडवते.

आदल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, बुवांचे मागचे पाय थरथरू लागले. दगडावर चढवेना. थंडीत हे सरडे सुस्तावतात, तसेच असेल म्हणून घरच्यांनी महिनाभर वाट पाहिली. जनावरांच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांनी पाहिले तर हाडे मऊ पडलेली! दिवा तर लख्ख जळत होता. पण डोळ्यांना न दिसणारे किरण त्यातून केव्हाच ओसरले होते. त्यानंतर कित्येक आठवडे ती पोर शाळेत जाण्यापूर्वी पिचकारीने त्याच्या तोंडात औषध घाली. बुवा वाचले. शेपटीला मात्र बाक राहिला.

मी पाहिले, तेव्हा बुवांनी पुढचा एक पाय उचलून सावकाश हवेत फिरवला. “नमस्कार करतोय वाटतं!” मी म्हणालो.

“नाही हो, मामाआजोबा,” ती म्हणाली. (चाळिशीतच ही पदवी!) “तो म्हणतोय, मी लहान आहे, मला मारू नका.”

“तुला तरी ओळखतो का?”

तिने जरा विचार केला. “माझ्या हातावर येऊन बसतो. माझा हात गरम असतो ना.”

प्रेमाचा ह्याहून प्रामाणिक हिशेब मी तरी कुणाकडून ऐकलेला नाही.

यंदा दिवाळीला ती मंडळी पुण्याला यायची आहेत. बुवांसाठी शेजारच्या बाई रोज येतील. त्यांच्याकरता पोरीने दिव्यांच्या वेळा, पाल्याची यादी, डॉक्टरांचा नंबर असा कागद तयार केला आहे. खाली तिरक्या अक्षरांत लिहिले आहे: उचलण्याआधी हात चोळून घ्या.