पटल कशाचे होते?

‘ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू त्वचेचे पटल फोडतात, हे संगणकाने सिद्ध केले’ अशा धाटणीची विज्ञानवार्ता दिसली की दोन प्रश्न विचारावेत. पटल कशाचे होते? आणि ते फोडले कोणी?

दुसरा आधी घेऊ. नेहमीच्या मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये अणू न्यूटनच्या नियमांनी हलतात आणि रासायनिक बंध स्प्रिंगसारखे मानलेले असतात. ते ताणले जातात, तुटत नाहीत. हायड्रॉक्सिल मूलकाने लिपिडच्या शेपटीतला हायड्रोजन हिसकावणे ही घटना या गणितात घडूच शकत नाही. म्हणून संशोधक ऑक्सिडीकरण झालेले लिपिड स्वतःच पटलात बसवतो आणि पुढे काय होते ते पाहतो. जे दिसते ते मोलाचे आहे : हायड्रोपेरॉक्साइड गट घेतलेली शेपटी पाण्याकडे वळते, पटल पसरून पातळ होते, तुटक्या शेपटीच्या टोकाला अल्डिहाइड असलेले रेणू पुरेसे असले तर छिद्रेही पडतात. पण मूळ इजा हे इथे गृहीतक आहे आणि बातमीत तेच निष्कर्ष म्हणून छापले जाते. (बंध तुटू देणाऱ्या पद्धती आहेत; त्या इतक्या खर्चिक की त्यांची धाव तोकडी राहते.)

पहिला प्रश्न अधिक गंभीर. ‘त्वचा’ म्हणून घेतलेले पटल पुष्कळदा साध्या फॉस्फोलिपिडचे असते. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात, स्ट्रॅटम कॉर्निअममध्ये, फॉस्फोलिपिड जवळजवळ नसतात. तिथे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले असतात. सिरॅमाइडच्या शेपट्या बहुतांशी संपृक्त, तर मूलकाला सर्वांत सहज मिळणारा हायड्रोजन दोन दुहेरी बंधांमधल्या कार्बनवरचा. म्हणजे ज्या ठिकाणी हल्ला व्हायचा, ते ठिकाणच या भिंतीत विरळ! निष्कर्ष खालच्या जिवंत पेशींविषयी आहे म्हणावे, तर हायड्रॉक्सिल मूलक काही नॅनोमीटरच्या आत संपतो आणि वरचा थर साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो. तेवढे अंतर कापणे दीर्घायुषी हायड्रोजन पेरॉक्साइडलाच जमू शकते. ‘ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू’ हे एकच नाव सर्वांना देऊन हा फरक पुसला जातो आणि तो पुसलेला मथळा अँटिऑक्सिडंट क्रीमच्या जाहिरातीत जायला वेळ लागत नाही.

फॉस्फोलिपिड का घेतात? कारण ते सोयीचे आहे. सिरॅमाइडचे पटल त्वचेच्या तापमानालाही जवळजवळ गोठलेले असते आणि स्थिरावायला फार वेळ घेते. दोन फेम्टोसेकंदांच्या पावलांनी एक मायक्रोसेकंद गाठायला 50 कोटी पावले लागतात. ही अडचण खरी आहे, पण तिच्यासाठीच तर देशाने 2015 पासून राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशन चालवले. सप्टेंबर 2024 मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र यंत्रे राष्ट्रार्पण झाली. या सार्वजनिक यंत्रांवर केलेल्या प्रत्येक सिम्युलेशनसोबत लिपिडांचे प्रमाण, वापरलेले फोर्स फील्ड आणि आरंभीच्या अणुस्थानांची फाइल खुली ठेवण्याची अट असावी. संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकात पहिल्या परिच्छेदातच पटलाची घटना लिहिलेली असावी, आणि ती फॉस्फोलिपिडची असेल तर मथळ्यात ‘त्वचा’ हा शब्द येऊ नये.