‘शुक्रतारा’ आणि आपली अडखळती मराठी



साठच्या दशकातलं हळुवार प्रेमगीत म्हटलं की इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांना बीटल्स आठवतात. मराठी घरात मात्र पहिलं नाव निघतं ते ‘शुक्रतारा मंद वारा’चं. तुम्ही विशीत असा की सत्तरीत, हे गाणं कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, लांबच्या प्रवासात गाडीत, नाहीतर काकांच्या मोबाईलच्या रिंगटोनवर!

पण या गाण्याचा गायक ते गायलाच तयार नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे का? आणि त्याचं कारण वाचून म्हैसूरमधल्या आपल्यासारख्यांना आपलीच गोष्ट आठवेल.

आधी माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी पुण्याला मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते. मामींनी विचारलं, “जेवलीस का गं?” मी म्हणाले, “हो मामी, जेवून सोडलं!” सगळे खो खो हसले. आपल्याकडे कन्नडच्या सवयीने असं सहज तोंडात येतं, त्यात चुकलं काय ते मला कळलंच नाही. त्यानंतरचे दोन दिवस मी भावंडांशी हिंदी-इंग्रजीतच बोलले. तुमच्या बाबतीतही असं कधीतरी घडलं असेल ना?

आता गाण्याकडे वळू या. हे गीत लिहिलं मंगेश पाडगावकरांनी. ते कोकणातल्या वेंगुर्ल्याचे. चाल श्रीनिवास खळे यांची. त्यांचं लहानपण आणि संगीताचं शिक्षण गुजरातमधल्या बडोद्यात झालं. गाण्यासाठी खळेंना एकच आवाज हवा होता, अरुण दाते यांचा.

अरुण दाते मूळचे इंदूरचे. वडील रामूभैया दाते गाण्याचे मोठे दर्दी होते, आणि जवळच देवासला राहणाऱ्या कुमार गंधर्वांचं मार्गदर्शनही अरुणजींना मिळालं. ते शिकायला मुंबईत आले आणि टेक्स्टाईल इंजिनिअर झाले. आकाशवाणीवर ते गायचे, पण उर्दू गझला. मराठी गाणं गायचं म्हटल्यावर ते टाळाटाळ करू लागले. त्यांना वाटायचं, आपली मराठी इंदुरी वळणाची, उच्चार मुंबई-पुण्यासारखे नाहीत, लोक नावं ठेवतील.

त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. भावगीतात वाद्यं कमी आणि शब्दांना महत्त्व जास्त. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कानाला लगेच कळतं. पण खळेंनी त्यांचा पिच्छा सोडला नाही, आणि संगीतकार यशवंत देवांनीही त्यांची समजूत घातली. अखेर दाते तयार झाले.

सोबतीला गायिका होत्या सुधा मल्होत्रा. जन्म दिल्लीचा, घर पंजाबी. हिंदी सिनेमात नाव कमावलेल्या. १९५९ च्या ‘दीदी’ सिनेमातलं ‘तुम मुझे भूल भी जाओ’ हे गाणं त्यांनी मुकेशबरोबर गायलं होतं आणि त्याची चालही त्यांचीच होती. आता गंमत बघा. मराठीतलं सगळ्यात लाडकं प्रेमगीत म्हणून आपण जे मिरवतो, त्याची चाल बडोद्यात वाढलेल्या माणसाची, एक आवाज इंदूरचा आणि दुसरा पंजाबी घरातला!

१९६२ साली हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बीटल्सची ‘लव्ह मी डू’ ही रेकॉर्ड आली. ती चार पोरं लिव्हरपूलची. लंडनवाल्यांच्या कानाला त्यांची बोली वेगळीच वाटायची, पण त्यांनी ती काही लपवली नाही. बोलीवरून हसणारे सगळीकडेच असतात, नाही का?

दातेंचं खरं नाव अरविंद. ‘अरुण’ हे नाव आकाशवाणीवरून लोकांपर्यंत पोहोचलं आणि तेच कायमचं झालं. पुढे कितीतरी वर्षं ते नोकरी सांभाळून गात राहिले. ‘शुक्रतारा’ याच नावाने त्यांनी भावगीतांचे २५०० हून अधिक कार्यक्रम केले. ६ मे २०१८ रोजी ते गेले, पण गाण्याचे कार्यक्रम आजही या गाण्याशिवाय पुरे होत नाहीत.

आता आपल्या गावाचा धागा. हे गाणं घरोघरी पोहोचलं ते आकाशवाणीवरून. आणि ‘आकाशवाणी’ हे नाव रेडिओ केंद्राला पहिल्यांदा मिळालं ते आपल्या म्हैसूरमध्ये! १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक छोटं खासगी रेडिओ केंद्र सुरू केलं, ते या नावाने ओळखलं जाऊ लागलं. पुढे देशभरच्या सरकारी रेडिओने हेच नाव घेतलं. यादवगिरीतल्या आकाशवाणी केंद्रावरून जाताना मला आता दर वेळी ‘शुक्रतारा’ आठवतं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती एकच गोष्ट. उच्चारांच्या लाजेने दाते शेवटपर्यंत ‘नाही’च म्हणत राहिले असते तर? गाणं कदाचित दुसऱ्या कुणी गायलं असतं, पण आपण ऐकतो ते हे गाणं झालं नसतं. गझल गाताना शब्द जपून, अलगद ठेवायची जी सवय त्यांना लागली होती, तीच इथे उपयोगी पडली असं मला वाटतं. परक्या भाषेतून आलेली ती सवय मराठीला भारी पडली नाही, उलट मराठीची श्रीमंती वाढली.

आपल्या घरांत काय होतं? आजी मराठीत बोलते, नातवंडं समजतात, पण उत्तर देतात कन्नड किंवा इंग्रजीत. चुकलं तर कुणी हसेल म्हणून. आणि हसणारे बरेचदा आपणच असतो, मोठी माणसं! मुलांच्या चुकीच्या मराठीवर हसू नका. दुरुस्त करायचं तर प्रेमाने करा, पण बोलू द्या.

या आठवड्यात एक छोटं काम करा. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘शुक्रतारा’ ऐका. मग महाराष्ट्रातल्या एखाद्या नातेवाइकाला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवा, आपल्या म्हैसुरी मराठीत, जशी येते तशी. मी कालच मामींना पाठवला. शेवटी मुद्दाम म्हणाले, “लेख लिहून सोडलं!”

मामींचा उलट मेसेज आला. हसत होत्या, पण म्हणाल्या, “अशीच बोलत जा गं, गोड वाटतं.”