ड्रोनचा डोळा आणि निविदेचा चष्मा

दिल्लीतील एका कार्यालयाच्या खरेदी समितीवर वित्त विभागाचा प्रतिनिधी म्हणून मी बसलो होतो. यमुनेच्या पूरपात्रातील अतिक्रमणांचे लहान ड्रोनने चित्रण करावयाचे आणि त्याआधारे नोटिसा काढावयाच्या, असा प्रस्ताव होता. निविदेत कॅमेऱ्याविषयी एकच अट होती : फोर-के व्हिडिओ. न्यूनतम दराची निविदा मंजूर झाली. डिसेंबरच्या धुरकट सायंकाळी केलेल्या पहिल्या चित्रणात भिंत कोठे संपते आणि ताडपत्री कोठे सुरू होते हेच कळेना. नोटिसांचा मसुदा मात्र तयार होता!

फोर-के म्हणजे 3840 गुणिले 2160, सुमारे 83 लाख बिंदू. हे झाले चित्राचे आकारमान. त्यातील तपशील किती खरा, हे सेन्सरवर किती प्रकाश पडतो यावर अवलंबून असते. छोट्या ड्रोनमध्ये पुष्कळदा आढळणारा 1/2.3 इंची सेन्सर जेमतेम 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा असतो. 'एक इंची' म्हणवला जाणारा सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. प्रकाश अपुरा पडला की चित्र रवाळ होते; तो रवाळपणा पुसताना सॉफ्टवेअर विटांचे सांधेही पुसून टाकते. 100 मीटरवरून अशा कॅमेऱ्याचा एक बिंदू सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यापतो. मोटारीच्या नंबरप्लेटवरील 65 मिलिमीटर उंचीचे अक्षर त्यात दोन बिंदूंपुरते उरते!

यात उत्पादकाचा दोष नाही. ड्रोन नियम, 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात मोडतो. मोठा सेन्सर घेतला की भिंग आणि वजन दोन्ही वाढतात. दोष आपला आहे. ग्राहकाला गुणवत्ता पारखता येत नसेल तर निकृष्ट माल उत्कृष्ट मालाला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्येच दाखवून दिले. आपण तर न्यूनतम दराचा नियम लावून ते हुसकावणे शासकीय केले आहे. वास्तविक सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 144 गरजेनुरूप स्पष्ट विनिर्देश मागतो. ते लिहिण्याचे कष्ट कोणी घ्यायचे?

2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडण्यापूर्वी मालमत्तांच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात आणि नकाशाची जागेवर पडताळणी होते. म्हणजे यंत्राचा डोळा अधू असू शकतो, हे तेथे आधीच गृहीत धरले आहे.

म्हणून मी फाइलवर दोन गोष्टी लिहिल्या. निविदेत 'फोर-के' नको. हिवाळ्यातील सायंकाळी, 100 मीटरवरून, अमुक रुंदीची रेघ दिसली पाहिजे असे लिहा आणि प्रात्यक्षिक घ्या. दुसरे, स्थळपाहणीच्या पंचनाम्यावाचून केवळ चित्रणावर नोटीस नको. 'याने विलंब होईल' असा आक्षेप आला. होईल. परंतु ज्याचे छप्पर जाणार आहे, त्याला तेवढा विलंब मागण्याचा अधिकार नाही काय?