बोर्ड बदलण्याआधी
वॉशिंग मशीनचे दिवे लुकलुकू लागले की ‘बोर्ड गेला’ हा निकाल फार घाईने लागतो आणि घरच्यांना हजारोंचा भुर्दंड बसतो. वाशीम, कारंजा, रिसोडकडे आधी पाणी आणि वीज तपासावी, असं माझं ठाम मत आहे. टाकी मशीनपेक्षा जेमतेम उंच, त्यात बोअरचं जड पाणी. नळी जोडतो तिथल्या जाळीत क्षार साचतात, ठरल्या वेळात ड्रम भरत नाही आणि बोर्ड इमानाने ‘पाणी नाही’ असा कोड दाखवतो. त्याचा दोष नसतोच! जाळी लिंबाच्या रसात भिजवून ब्रशने घासा. विजेचं दुखणं मात्र खरं आहे. घर आणि शेतीची लाइन एकच असेल, तर रब्बीत हरभऱ्या-गव्हाचे पंप एकदम सुरू होताच २३० व्होल्टचा दाब घसरतो, आणि गेलेली वीज परतताना उसळतो. या उसळीत बोर्डावरचा व्हॅरिस्टर, म्हणजे जादा दाब अंगावर घेणारा भाग, स्वतः जळतो, फ्यूज उडतो, बाकीचे भाग बहुतेकदा वाचतात. हे दोन भाग बदलायला किरकोळ खर्च येतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते, तेव्हा काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. तो बोर्ड बदलायचाच म्हणाला, तर जळालेला भाग नेमका कुठला, ते दाखवायला सांगा.