मोत्याचं काय?

परदेशी जायचं ठरलं की घरात याद्या सुरू होतात. व्हिसा, मुलांचे शाळेचे दाखले, दागिने लॉकरमध्ये, कलमांची राखण कुणाकडे, कोकमं आणि मसाला किती न्यायचा... या यादीत मोत्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं. त्याचं उत्तरही बहुतेक ठरलेलंच असतं, ‘त्याला मिठबावला आईकडे सोडू!’

मिठबावच्या जागी किनाऱ्यावरचं दुसरं कुठलंही गाव घाला. पूर्वी इथली माणसं मुंबईला जायची, मग आखातात जाऊ लागली. आता फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्या मुली जर्मन भाषेचे क्लास शोधू लागल्या आहेत. पूर्वी चाकरमानी गेला तरी घरात पाच-सात माणसं असायची, कुत्र्या-मांजराला कुणी ना कुणी भाकरी घालायचं. आज त्याच घरात सत्तरीची आई एकटी असते. आणि तिला कुणी विचारत नाही. विचारलं तरी ती ‘नको’ म्हणणार आहे थोडीच?

‘गावात मोकळी जागा आहे, हुंदडेल मजेत,’ हे अर्धंच खरं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या लॅब्राडॉरला गोचिडी, साप, रात्री अंगणापर्यंत येणारा बिबट्या यांची ओळख नसते. वाडीतले कुत्रे त्याला हद्दीत घेत नाहीत. तीस किलोचा कुत्रा साखळीला हिसका देतो तेव्हा पडते ती आई, आणि त्या वयात खुबा मोडणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मग सोबत न्यायचा का? ‘कुत्र्याक इमानातून कोण नेता गो?’ असं शेजारीण हसत विचारेल. पण नेतात! फक्त तयारी तिकिटाच्या आधी सुरू करावी लागते. युरोपचंच बघा. आधी कातडीखाली मायक्रोचिप, मग रेबीजची लस. हा क्रम उलटा झाला तर लस धरत नाहीत. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घेऊन युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासायचं. ते रक्त घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. म्हणजे चार महिने तर इथेच गेले. मांजरालाही हेच नियम. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले आहेत, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू तिथे चालत नाही. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट घेतच नाही. शिवाय निघताना आपल्या सरकारच्या प्राणी संगरोध कार्यालयाचा दाखला लागतो, त्यासाठी कोकणातल्या माणसाने मुंबई गाठायची. पेटीसकट सगळा खर्च सहज लाखाच्या घरात जातो.

एवढं करून न्यावंच असं मी म्हणत नाही. म्हातारा, हृदयाचा आजार असलेला किंवा पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर प्रवास त्याच्या जिवावर बेतू शकतो. अशा जाती अनेक विमान कंपन्या सामानाच्या कक्षात घेतच नाहीत. मांजराचा जीव तर माणसांपेक्षा घराच्या कोपऱ्यांत जास्त असतो. घर उघडं राहणार असेल, तर ते तिथेच बरं. पण नाही न्यायचं, हे सहा महिने आधी ठरवा, म्हणजे त्याला नव्या माणसाची सवय होते. निघायच्या आदल्या रात्री एस.टी. स्टँडजवळ सोडून येणारेही आहेत. १९६० च्या कायद्याने असं उपाशी मरायला सोडणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र जास्तीत जास्त पन्नास रुपये! त्यात आज एक प्लेट मिसळही येत नाही धड.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमध्ये बॉम्ब पडत होते, तेव्हा केरळची एक विद्यार्थिनी आपल्या हस्की कुत्रीला घेतल्याशिवाय निघायला तयार नव्हती. सरकारने तेव्हा प्राण्यांचे नियम तात्पुरते शिथिल केले आणि दोघी सुखरूप घरी आल्या. मैत्रिणींनो, आपल्या वाट्याला युद्ध नाही, हाती सहा महिने आहेत.

आणि आईकडेच ठेवायचा ठरला, तर आधी तिला साखळी धरून समुद्रापर्यंत चालवून बघा. नाही झेपलं तर वाडीतला एखादा मुलगा पगार देऊन ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. त्याचं खाणं, गोचिडीचं औषध, वर्षाची रेबीजची लस यांचे पैसे आईच्या पैशांत मिसळून पाठवू नका, वेगळे पाठवा. नाहीतर ती स्वतःच्या बी.पी.च्या गोळ्या पुढच्या महिन्यावर ढकलेल आणि मोत्यासाठी बांगडे घेईल.