तुझं मशीन भारी की माझं?

आपल्या हॉस्टेलवर वाद कशावरून होत नाहीत? मेसची भाकरी कडक असावी की मऊ, शेंगाचटणीत तेल घालावं की दही, कुणाची गाडी जास्त ॲव्हरेज देते. सबमिशन जवळ आलं की या वादांना जास्तच जोर येतो. पण या वर्षी एक नवीनच वाद सुरू झाला आणि तो चांगला महिनाभर पुरला. विषय होता मेटल डिटेक्टर!

झालं असं. टेक-फेस्टमध्ये जमिनीत पुरलेले धातूचे तुकडे रोबोटने शोधायची स्पर्धा होती. तयारीसाठी आमच्या बार्शीच्या मित्राने अमेरिकेतल्या काकांकडून त्यांचं जुनं हौशी मशीन आणवलं. ते पाहून अकलूजच्या गड्याने वर्गणी काढून दिल्लीहून दुसऱ्या कंपनीचं मागवलं. झालं! हॉस्टेलचे दोन पक्ष पडले, ‘काकांचं मशीन’ आणि ‘दिल्लीचं मशीन’. सेकंड इयरच्या पोरांनी ५५५ टायमर आणि तांब्याच्या वायरीचं वेटोळं घेऊन स्वतःचं एक बनवलं होतं, पण ते दोन बोटांच्या खाली काही सांगेना. त्यामुळे त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलंच नाही.

“काय बे, तुझं किती खोल जातं?”
“तुझ्या डबल!”

एवढ्यावर मेसमधलं जेवण थंड व्हायचं.

माझं मत विचाराल तर हा वादच चुकीचा होता. कोण बरोबर हा प्रश्न नव्हता. बरोबर ठरवायचं कसं, हेच कुणी विचारत नव्हतं. इंजिनीअरिंगच्या पोरांनी हे विचारू नये, याचं मला वाईट वाटतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक कबुली. असं भांडणारे आपण काही पहिले नाही. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात मेटल डिटेक्टर घेऊन शेतात, समुद्रकिनाऱ्यावर फिरणं हा मोठा छंद आहे आणि तिथे ब्रँडवरून वर्षानुवर्षे जुंपलेली असते. फिशर ही जुनी कंपनी, १९३१ सालची. व्हाइट्स १९५० ची, गॅरेट १९६४ ची, तर ऑस्ट्रेलियाची माइनलॅब १९८५ ची. एकाचा भक्त दुसऱ्याच्या मशीनला खेळणं म्हणतो. आता गंमत बघा. गॅरेटचं ‘एस २५०’ चालतं ६.५ किलोहर्ट्झवर आणि बाउंटी हंटरचं ‘ट्रॅकर फोर’ ६.६ वर. फरक ०.१ चा, भांडण मात्र सख्ख्या भाऊबंदांसारखं! त्याहून मोठी गंमत म्हणजे २०२० मध्ये व्हाइट्स कंपनी बंद पडली आणि तिच्या डिझाइनचे हक्क विकत घेतले कोणी? गॅरेटने! पन्नास वर्षं ज्यांनी एकमेकांची डोकी खाल्ली, त्यांची मशीनं शेवटी एकाच घरात नांदायला गेली.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही, याला कारण कायदाही आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं तर गुन्हाच आहे. तेव्हा मशीन घेऊन भुईकोट किल्ल्यात फेरी मारायची आयडिया ज्या महाभागांच्या डोक्यात आली होती, त्यांनी ती तिथेच सोडावी. आणि आपल्या भागात मशीनवाचूनही थोर छांदिष्ट होऊन गेले. सोलापूरहून जवळच असलेल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीवर उघड्या पडलेल्या हजारो जुन्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आज तेरला त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. त्यांच्याकडे ब्रँड कुठला होता? दोन डोळे आणि चिकाटी!

आता थोडं शास्त्र. (मेकॅनिकलवाल्यांनी घाबरू नये.) मशीनच्या कॉइलमधून बदलता प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. तिथे धातू असेल तर त्यात भोवरे-प्रवाह तयार होतात आणि त्यांचं स्वतःचं छोटं क्षेत्र उलट वर येतं. ते मशीन ऐकतं. पण क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. कॉइलपासून बऱ्यापैकी दूर गेलं की खाली जाताना घन, वर येताना पुन्हा घन, म्हणजे परत येणारा सिग्नल अंतराच्या सहाव्या घातात पडतो. एवढंसं नाणं दुप्पट खोलीवर ऐकायचं तर त्याच आकाराच्या कॉइलला २ चा सहावा घात, म्हणजे ६४ पट क्षीण सिग्नल पकडावा लागेल. आता सांगा, “तुझ्या डबल” म्हणणाऱ्याला आपण व्हायवामध्ये किती मार्क द्यावेत?

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती बेसाल्टची लेक. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात, ती मातीतही उतरतात. मग मशीनला नुसती मातीच धातूसारखी बडबड करते. ती बडबड वजा करायला ‘ग्राउंड बॅलन्स’ असतो. माइनलॅबचं नाव झालं ते ऑस्ट्रेलियाच्या लोहयुक्त सोन्याच्या रानात, जिथे साध्या मशीनला माती सुचू देत नव्हती. म्हणजे तिकडची कीर्ती तिकडच्या मातीची. एखाद्याने दूरच्या वाळूत चार फेऱ्या मारून मशीनला पहिला नंबर दिला, तर तो नंबर सोलापूरच्या काळ्या रानात चालेलच असं नाही. जमीन सोडा, पलंगसुद्धा दगा देतो! १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे शोधायला खुद्द ग्रॅहॅम बेल स्वतःचं यंत्र घेऊन गेले. यंत्र आधी नीट तपासलेलं होतं. पण गादीखाली लोखंडी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी फक्त त्यांना वाटलं त्याच बाजूला शोधू दिलं. गोळी सापडली नाही. यंत्राच्या भोवती काय आहे आणि ते कोण, कुठे फिरवतंय, यावर सगळं अवलंबून!

हे सगळं मेसमध्ये सांगून पाहिलं. कोण ऐकतो? मग ठरलं, टेस्टच घेऊ.

पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन्ही पक्षांनी आपापली नाणी पुरली आणि आपापल्या मशीनने शोधली. निकाल? दोघेही शंभर टक्के! दोघांचाही जल्लोष! तेव्हा आमच्या लॅबमधले काका शांतपणे म्हणाले, “अरे, नाणं कुठं पुरलंय हे ज्याला माहीत आहे, त्याला मशीन कशाला पाहिजे?”

मग वॉचमन मामांना पंच नेमलं. चुन्याच्या फक्कीने बारा गोल आखले. बाराही जागी वीतभर खणून माती परत भरली, म्हणजे माती हललेली बघून कुणी ओळखायला नको. कुठे पाच रुपयांचं नाणं, कुठे गंजका खिळा, कुठे काहीच नाही, हे फक्त मामांना ठाऊक. शोधताना मामा गेटवर, चिठ्ठी त्यांच्या खिशात. शोधणाऱ्याने प्रत्येक गोलाला फक्त ‘नाणं आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं.

काकांच्या मशीनने बारापैकी ७ बरोबर सांगितले, दिल्लीच्या मशीनने १०. दिल्ली पक्षाने नाचायला सुरुवात केली. पण दुसऱ्या संध्याकाळी मामांनी नवीन मांडणी केली आणि आम्ही मशीनं अदलाबदल केली. बार्शीकराच्या हातात दिल्लीचं, अकलूजकराच्या हातात काकांचं. निकाल? बार्शीकर ७, अकलूजकर १०!

मार्क मशीनला चिकटले नाहीत, माणसाला चिकटले. अकलूजकर कॉइल जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवत होता, प्रत्येक गोलाआधी ग्राउंड बॅलन्स तपासत होता, शंका आली की आडवं फिरवून झाल्यावर उभं फिरवत होता. आमचा बार्शीचा वाघ मात्र झाडू मारल्यासारखा सुटला होता.

दोन संध्याकाळींवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. त्यातला आकड्यांचा धडा मात्र घेण्यासारखा आहे. मशीन बंद करून नुसती छापा-काटा उडवत गेलं, तरी बारापैकी ७ किंवा जास्त उत्तरं साधारण पाचात दोनदा बरोबर येतात. म्हणजे ७ मार्कांनी काहीच सिद्ध होत नाही! १० किंवा जास्त मात्र शंभरात दोनदाच येतात. आपण मॅथ्सच्या पेपरात बायनॉमियल सोडवतो, पेपर टाकून बाहेर येतो आणि आयुष्यात पुन्हा कधी वापरत नाही. ते वापरायचं ते इथे!

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला मनावर घ्यायचं? पोरांचा खेळ, दोन दिवसांत विसरतील.

मलाही तसंच वाटत होतं. पण त्या रात्री गच्चीवर आमचा बार्शीकर गप्प बसला होता. हरल्यामुळे असेल असं वाटलं. मग म्हणाला, “आमच्या चुलत्यांनी पण एक मशीन घेतलं होतं रे.” ते मशीन म्हणजे दोन अँटेना लावलेली मूठ. विकणारा म्हणायचा, एक किलोमीटरवरून सोनं दाखवतं. त्याने बांधावर डेमो दिला. अंगठी पुरली, मूठ हातात धरली, अँटेना बरोबर तिकडे वळल्या. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. अंगठी पुरली कोणी? विकणाऱ्यानेच. कुठे पुरली हे कोणाला माहीत होतं? सगळ्यांना! मशीन ‘फॉरेनचं’ होतं, ब्रँड मोठा होता. चुलत्यांनी एका म्हशीचे पैसे आणि वर हातउसने घातले. सोनं निघालं नाही. वर्षभर रान मात्र उकरून झालं.

“आपण पहिल्या दिवशी केली ना टेस्ट,” तो म्हणाला, “सेम तशीच होती.”

मला काही बोलता आलं नाही.

हेच प्रकरण मोठ्या प्रमाणावर झालं तेव्हा लोक जिवाला मुकले. एडीई ६५१ नावाचं ‘बॉम्ब शोधणारं’ उपकरण ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिकने इराकला हजारो डॉलरच्या भावाने विकलं. तेही तसंच, मुठीवर फिरणारी अँटेना, आत चालणारं इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही. मूळ कल्पना गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या एका फालतू वस्तूची. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ती मूठ धरून गाड्या तपासत होते आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या आत जात होत्या. २०१३ मध्ये मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्याआधी वर्षानुवर्षे मोठे अधिकारी “आम्हाला अनुभव आहे, हे चालतं” असंच म्हणत होते. बारा गोल, एक चिठ्ठी आणि एक वॉचमन मामा एवढ्यात ते उघडं पडलं असतं.

म्हणून सांगतो मित्रहो, ‘आमचा ब्रँड भारी’ आणि ‘आमची मूठ सोनं दाखवते’ या दोन वाक्यांत अंतर फार थोडं आहे. काकांचं आणि दिल्लीचं मशीन खरं होतं, मुठीचं खोटं. पण बिनतपासता मानण्याची आपली सवय दोन्हीकडे एकच. आज ती खऱ्या मशीनवर चालून गेली. उद्या आपणच कुठेतरी साइटवर, कारखान्यात, जिल्हा परिषदेत खरेदीच्या कागदावर सही करू, तेव्हा?

कुणी म्हणेल, महागडं मशीन कधीतरी उपयोगी पडतंच की! पडतं. माझं म्हणणं ब्रँड बघूच नका असं नाही. मिठाच्या ओल्या वाळूत आणि कोरड्या रानात वेगवेगळं तंत्र लागतं, तिथे चांगल्या मशीनचे पैसे वसूल होतात. पण २००९ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन काळातला प्रचंड सुवर्णसाठा सापडला, ३,५०० हून जास्त तुकडे, किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड. त्यांच्या हातातला डिटेक्टर चौदा वर्षं जुना होता. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये डेव्हिड बूथ नावाच्या नवशिक्याला पहिल्याच फेरीत, गाडी लावली तिथून काही पावलांवर, लोहयुगातले चार सोन्याचे गळ्यातले अलंकार मिळाले. एकाचं मशीन जुनं, दुसऱ्याचा हात नवा. सोनं होतं ते त्या रानात!

तर माझी एक सूचना आहे. पुढच्या फेस्टमध्ये या स्पर्धेला एक नियम जोडावा. वस्तू पुरणारा वेगळा, शोधणारा वेगळा, आणि शोधताना चिठ्ठी तिसऱ्याच्याच खिशात. एका फेरीत टीमनी एकमेकांचे रोबोट चालवावेत. सरांनी मनावर घेतलं तर एका शनिवारचं काम आहे. पंच म्हणून वॉचमन मामा तयार आहेत, मी विचारलंय. चहा मात्र आपण पाजायचा.

आणि हो, बार्शीकराने परवा सुट्टीत काकांचं मशीन गावी नेलं होतं. चुलत्यांच्या अंगणात त्याने बारा गोल आखले आणि नाणी चुलत्यांनाच पुरायला सांगितली. आधी त्यांच्या हातात ती जुनी मूठ दिली, मग स्वतः मशीन फिरवलं. मुठीला किती मार्क मिळाले ते त्याने सांगितलं नाही. पण येताना ती मूठ तो घेऊन आला. सध्या ती आमच्या रूमच्या खिडकीला लावलीय, वर बनियन वाळत असतात.