घराचं वर्णन करा, माणसाचं नको

कर्जत-खोपोली पट्ट्यात जून ते ऑगस्ट हा खोल्यांचा हंगाम. कर्जतला कोकण ज्ञानपीठ, भिवपुरी रोडजवळ तासगावकर, खालापूरजवळ कुंभिवलीला विश्वनिकेतन, खोपोलीत के.एम.सी. प्रवेशाच्या याद्या लागल्या की बाहेरगावची पोरं बॅगा घेऊन उतरतात. झेरॉक्सच्या दुकानाची भिंत, चहाच्या टपरीचा खांब, एजंटच्या ऑफिसबाहेरचा बोर्ड आणि गावातले व्हॉट्सअॅप ग्रुप जाहिरातींनी भरून जातात. ‘वन आरके, स्टेशनपासून चालत १० मिनिटं, पाणी २४ तास.’ इथपर्यंत घराचं वर्णन असतं. पुढची ओळ मात्र माणसाबद्दल असते : ‘फक्त फॅमिली. शाकाहारींना प्राधान्य.’

या ओळीचा अर्थ आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. कर्जतच्या बाजारात सुकट-बोंबिलाचा वास सकाळपासून असतो. आगरी, कोळी, मराठा, ठाकर, कातकरी, सगळ्यांच्या घरात मासळी-मटण शिजतं. ‘शाकाहारी’ लिहिणारा मालक स्वतः रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा असतो. मग ही अट कुणासाठी? फोनवर ‘नाव काय तुमचं?’ विचारल्यानंतर जी शांतता पसरते, तिच्यासाठी. त्यानंतर ‘बघतो, कळवतो’. कुणी कळवत नाही. मी याच पट्ट्यात इंजिनिअरिंग केलं. त्या चार वर्षांत ती शांतता इतक्या वेळा ऐकली की पुढे पुढे आम्ही मुस्लीम मुलं आधी नाव सांगायचो आणि मग भाडं विचारायचो. फुकटचा रिचार्ज तरी वाचायचा.

हा आपल्या मनाचा खेळ नाही, हे मोजून झालेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा नोकरीच्या जाहिरातींवरचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी : काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लीम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीत बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लीम नावाला साधारण एक तृतीयांश. पुढे थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत अशीच तपासणी केली. तो अभ्यास २०१५ मध्ये आला. फोनवर उच्चवर्णीय नावाला एकही सरळ नकार मिळाला नाही. मुस्लीम नावाला दर दहापैकी साधारण तीन वेळा मिळाला. दलित नावालाही नकार होताच, थोडा कमी. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. पूर्वी ही अट एजंटच्या तोंडात असायची, आता ती अॅपच्या फॉर्ममध्ये असते. ‘पसंतीचा भाडेकरू : फॅमिली, बॅचलर, कंपनी.’ ‘मांसाहार चालेल का : हो, नाही.’ असा रकाना आपोआप उगवत नाही. कुणीतरी मीटिंगमध्ये ठरवतं, कुणीतरी डिझाइन करतं, माझ्यासारखा कुणीतरी कोड लिहितो. रकाना सक्तीचा केला की ज्या मालकाच्या डोक्यात हा विचारही नव्हता, तोही काहीतरी निवडून टाकतो. मग फिल्टर चालतो आणि आपल्याला घर दिसतच नाही. नकार देणारा माणूसच समोर नाही, तर भांडणार कुणाशी?

यावर उपाय शोधलेले देश आहेत. अमेरिकेत १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, फेअर हाउसिंग अॅक्ट झाला. घर देताना वंश-धर्मावरून भेदभाव करायला त्याने बंदी घातलीच, शिवाय तशी जाहिरात छापणंही बेकायदा ठरवलं. म्हणजे मालकाबरोबर छापणाराही जबाबदार. २००८ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने रूममेट्स डॉट कॉम या वेबसाइटबाबत म्हटलं की, लिंग, लैंगिक कल, मुलं आहेत की नाहीत असे प्रश्न तुम्हीच सक्तीने विचारता आणि पर्याय तुम्हीच देता, तेव्हा ‘लोक लिहितात, आम्ही फक्त दाखवतो’ ही सबब चालणार नाही. त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये हेही सांगितलं की, आपल्याच घरात आपल्यासोबत कोण राहावं, ही निवड त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मला हा फरक पटतो. माझ्या स्वयंपाकघरात कोण वावरेल हा माझा प्रश्न. बाजारात भाड्याने काढलेला फ्लॅट हा निव्वळ माझा प्रश्न राहत नाही.

इथवर तुम्ही माना डोलावल्या असतील. आता पुढचं.

त्याच भिंतीवर, त्याच ग्रुपमध्ये दुसरीही जाहिरात असते : ‘फक्त मुस्लीम फॅमिलीसाठी.’ सप्टेंबर २०२५ मध्ये याच कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळच्या एका गृहप्रकल्पाचा व्हिडिओ देशभर फिरला. ‘हलाल लाइफस्टाइल टाउनशिप’ अशी त्याची जाहिरात होती. राजकीय पक्ष तुटून पडले, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली. ‘फक्त शाकाहारी’च्या जाहिराती वर्षानुवर्षं बिनबोभाट चालताना यातल्या कुणाची झोप उडाली नव्हती. हा दुटप्पीपणा आहे, आणि तो दुटप्पीपणा म्हणूनच सांगितला पाहिजे.

पण त्यांचा दुटप्पीपणा दाखवून झाला की आपली जाहिरात बरोबर ठरते का? त्या आठवड्यात आपल्या पोरांच्या स्टेटसवर मी एकच युक्तिवाद वाचत होतो : ते करतात, तर आम्ही का नको? हा युक्तिवाद मला मान्य नाही.

त्यामागचं दुःख मला कळतं. ज्याला दहा दारांवरून परत पाठवलं, तो अकरावं दार स्वतः बांधतो. दंगलीनंतर माणसं आपल्या माणसांत सरकतात. १९९२-९३ नंतर मुंबईतून किती कुटुंबं मुंब्र्याला गेली, हे आपल्या घराघरात ऐकलेलं आहे. नकार देणारा आणि नकार मिळाल्यावर आसरा शोधणारा यांना मी एका पारड्यात तोलत नाही. पण आसरा शोधणं वेगळं आणि त्या आसऱ्याला ‘लाइफस्टाइल’ म्हणून विकणं वेगळं. नेरळच्या व्हिडिओत विकला जात होता तो आपला नाइलाज. बिल्डरला आपल्या भीतीचा चांगला भाव मिळतो आणि हप्ते आपण भरतो.

शिवाय अशा वस्तीत गेलेल्या मुलांचं काय? शाळेत, क्लासला, क्रिकेटच्या मैदानावर त्यांना दुसऱ्या धर्माचं पोर भेटणार नाही. उद्या तेच पोर मालक होईल, फोन उचलेल, नाव विचारेल. त्याने आपल्यातला एकही माणूस जवळून पाहिलेला नसेल. मग त्याने कशाच्या भरवशावर घर द्यावं?

आणि आपल्या जाहिराती आपल्याच माणसांना तरी उघड्या असतात का? ‘मुस्लीम फॅमिली’ म्हणजे नेमकं कोण? कॉलेजात शिकवायला आलेली एकटी मुलगी त्यात बसते का? तलाक झालेली, मुलाला घेऊन राहणारी बाई? खोपोलीच्या कारखान्यात कामाला आलेला बिहारी अन्सारी? ‘भय्या नको’ हे वाक्य मी कोकणी मुस्लीम मालकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. फळीवाला वेगळा, जमात वेगळी, मसलक वेगळा, असे रकाने आपल्याकडेही आहेत. फक्त ते अॅपवर छापलेले नाहीत. आणि मघाच्या अभ्यासातला तो दलित भाडेकरू आठवा. त्याला तुमच्या अम्मी-अब्बूंनी खोली दिली असती का? हे आज घरी विचारा.

१९१७ साली बडोद्यात एका तरुण अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. त्याने पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्याला संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. तो अधिकारी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दहा वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला त्यांच्या परिषदेच्या मांडवासाठी कुणी जागा देईना. तेव्हा जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. त्याने ‘तुम्ही आमच्यातले नाही’ असं म्हटलं नाही. रायगडच्या मुस्लीम तरुणाला वारसा हवा असेल तर तो हा आहे. मनुस्मृती जळाली ती त्या जागेवर. ‘फक्त मुस्लीम फॅमिली’ अशी पाटी तिथे असती, तर तो मांडव पडलाच नसता.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी ‘दुकान’ हा शब्द सेवा देणाऱ्या प्रत्येकाला लागू होईल अशा व्यापक अर्थाने घेतल्याचं सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये खासगी शिक्षणसंस्थांच्या खटल्यात त्या व्यापक अर्थाचा आधार घेतला. पण घरांच्या बाबतीत २००५ चा झोरोस्ट्रियन हाउसिंग सोसायटीचा निकाल उलट दिशेला जातो. सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा सोसायटीचा नियम न्यायालयाने वैध ठरवला. त्या निकालाच्या आधारे आज कुणी मुस्लीम सोसायटी काढेल, आणि त्याच आधारे उद्या शंभर सोसायट्या आपल्याला बाहेर ठेवतील. संख्या कुणाची जास्त, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. एकमेकांना वगळण्याच्या शर्यतीत अल्पसंख्याक नेहमी हरतो. तत्त्व बाजूला ठेवलं तरी हिशेब हाच आहे.

म्हणून माझं म्हणणं एका नियमात बसतं : जाहिरातीत घराचं वर्णन करा, माणसाचं नको. ‘जामा मशीद पाच मिनिटांवर’ लिहा, हरकत नाही. ‘देऊळ जवळ’, ‘बुद्धविहार जवळ’ लिहा. ज्याला हवं तो येईल. ‘एक महिन्याचं डिपॉझिट’, ‘रात्री अकरानंतर आवाज नको’ या अटी सगळ्यांना सारख्या लागू होतात. पण भाडेकरूचा धर्म, जात, ताट, लग्न झालंय की नाही, हे जाहिरातीत येता कामा नये. ना त्यांच्या, ना आपल्या.

यासाठी करण्यासारख्या गोष्टी हाताशी आहेत. महाराष्ट्रात भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. म्हणजे भाड्याचा व्यवहार हा सरकारदरबारी नोंद होणारा व्यवहार आहे. मग त्याच्या जाहिरातीला नियम का नको? नव्या प्रकल्पांच्या जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. नसेल तर दंड होतो. जाहिरातीत धर्म-जात-आहाराची अट नको, एवढी ओळ त्यात वाढवा, ही मागणी आपण करू शकतो. भाड्याच्या जाहिरातींसाठी, छापणाऱ्यालाही जबाबदार धरणारा कायदा विधिमंडळात मागू शकतो. नेरळच्या व्हिडिओवरून ज्यांनी आवाज केला, त्यांना या मागणीवर सही करायला बोलवू. बघू किती येतात.

त्याहून जवळचं काम कॉलेजचं. हॉस्टेलच्या जागा संपल्या की मुलांना एजंटच्या हवाली केलं जातं. त्याऐवजी कॉलेजने खोल्यांची यादी ठेवावी आणि जी जाहिरात माणसावर अट घालते ती यादीत घेऊ नये. शंभर विद्यार्थ्यांच्या सहीचं निवेदन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला कुठल्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही. निवेदनावर हिंदू, बौद्ध, आदिवासी मित्रांच्या सह्या घ्या. बॅचलर म्हणून, एकटी मुलगी म्हणून, जातीवरून त्यांनाही दारं बंद झालेली आहेत.

आणि सगळ्यात आधी आपलं घर. तुमच्या अब्बूंची, चाचांची एखादी खोली दामतला, नेरळला, खोपोलीला रिकामी असेल, तर येत्या जूनमध्ये तिची जाहिरात तुम्ही लिहा. भाडं लिहा, डिपॉझिट लिहा, पाणी किती वाजता येतं ते लिहा. फोन आला तर आधी खोली दाखवायची वेळ ठरवा. नाव करारावर लिहायला लागेलच, तेव्हा विचारा.